ऑर्डर देण्याचा अधिकार

हॉटेलात जाऊन हवे ते मागणे ही गोष्ट इतकी किरकोळ वाटते की तिलाही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. राजांचा इतिहास असतो, चळवळींचा असतो. कपाचा, बाकड्याचा आणि काउंटरचा इतिहास कोण लिहिणार? पण ज्यांच्या बापजाद्यांनी हॉटेलच्या पायरीखाली उभे राहून वरून ओतलेला चहा प्याला, त्यांना तो लिहावाच लागेल.

माझ्या गावच्या हॉटेलात आमच्या वस्तीसाठी कान तुटलेला एक कप बाहेरच्या कुडात खोचून ठेवलेला असे. आपणच काढायचा, चहा प्यायचा, आपणच विसळायचा आणि पुन्हा तिथेच खोचायचा. पैसे मालकाच्या हातात द्यायचे नाहीत, ओट्यावर ठेवायचे. तो त्यांवर पाणी शिंपडून उचलून घेई. आमच्या स्पर्शाने कप बाटे, बाकडे बाटे. पैसा मात्र पाण्याच्या चार थेंबांनी शुद्ध होई. हे मी १९६० च्या आसपासचे सांगतो आहे. म्हणजे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख झाला त्याला दहा वर्षे, आणि उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवणारा १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा येऊन पाच वर्षे झाल्यानंतरचे. कायदा दिल्लीहून निघाला होता. आमच्या कुडापर्यंत पोहोचला नव्हता.

हा कप मी जवळजवळ विसरलो होतो. तो आठवला अमेरिकेत, एका सॅलडच्या दुकानात.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे वॉशिंग्टनला गेलो होतो. जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा तिने मला तिथल्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेले. तिथे एका हॉटेली काउंटरचा तुकडा ठेवला आहे. समोर चार स्टुले. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावच्या वूलवर्थ दुकानातला हा काउंटर. १ फेब्रुवारी १९६० रोजी एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅककेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड हे चार काळे विद्यार्थी तिथे जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. मी त्या स्टुलांपुढे बराच वेळ उभा राहिलो. शेवटी मुलगी म्हणाली, "दादा, चला, तुम्हाला भूक लागली असेल. तुमच्या साखरेला चालेल असं काहीतरी खाऊ."

'साखरेला चालेल असे' जिथे मिळते त्या दुकानांना तिकडे 'फास्ट कॅज्युअल' म्हणतात. म्हणजे झटपट मिळणारे, पण बर्गरवाल्यापेक्षा ताजे आणि महाग. इथे वाढपी नसतो. रांगेत उभे राहायचे, काचेपलीकडे पत्र्याच्या चौकोनी भांड्यांत चिरलेल्या भाज्या, कडधान्ये, शिजवलेले धान्य मांडलेले असते, त्यांकडे बोट दाखवत पुढे सरकायचे आणि टोकाला पैसे भरून कागदी वाडगा घेऊन जायचे. चिपोटलेचे पहिले दुकान १९९३ साली डेन्व्हरमध्ये निघाले. बोट दाखवत पुढे सरकण्याची ही पद्धत रूढ करण्यात त्या साखळीचा वाटा मोठा आहे. योगायोग असा की त्याच १९९३ साली ग्रीन्सबरोचे वूलवर्थ बंद पडले आणि त्या काउंटरचा तुकडा संग्रहालयाकडे गेला.

माझी पाळी आली. काचेपलीकडची मुलगी चेहऱ्यावरून मेक्सिकोकडची वाटली. तिने काहीतरी विचारले. तळाला काय घालू, पाला की धान्य, असा तो प्रश्न होता हे मला मागाहून कळले. मी मान हलवली. तिने पुन्हा विचारले. मग वर घालायची धान्ये, मग ओतायचे पाणी. 'ड्रेसिंग' म्हणजे कपडे एवढेच मला ठाऊक. मागच्या माणसाने घड्याळ पाहिले. इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक मी, कांद्याकडे बोट दाखवून घाम पुसत होतो. शेवटी माझी ऑर्डर मुलीनेच दिली. टोकाला पोहोचल्यावर बापाचा मान राखावा म्हणून मी वीस डॉलरची नोट पुढे केली. तिथल्या मुलाने ओशाळून एका पाटीकडे बोट दाखवले. इथे रोख रक्कम घेतली जात नाही. लेकीने कार्ड टेकवले.

ते दुकान कोणते याला महत्त्व नाही. त्या वर्षांत अनेकांनी रोख घेणे सोडले होते. रांग लवकर सरकते, दरोड्याची भीती राहत नाही, अशी कारणे दिली जात. आणि माझा अपमान झाला असेही मी म्हणणार नाही. तसे म्हणणे त्या चार स्टुलांचा उपमर्द ठरेल. माझ्या लेकीकडे कार्ड होते. पण हातात नोट धरून मी उभा होतो तेव्हा मला तो कुड दिसला. तिथे पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता. इथे माणूस चालत होता, पैसा चालत नव्हता. हे उलटेपण मला स्वस्थ बसू देईना, आणि परत आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढे वाचत गेलो.

आरोग्य आणि वेगळे भांडे यांचे नाते अमेरिकेतही जुने आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर साखळीला बांधलेला एकच पेला सर्वांनी वापरायचा अशी तिथली रीत होती. रोगजंतूंचे ज्ञान पसरल्यावर १९०९ साली कॅन्सस राज्याने तो सामाईक पेला बंद केला. कागदी पेले करणाऱ्यांनी आपल्या मालाला 'हेल्थ कप' असे नाव दिले; पुढे तोच 'डिक्सी कप' झाला. एकदा वापरून फेकायचे भांडे सर्वांना सारखेच मिळाले, तर त्यात कोणाचा अवमान नाही. जंतू जात पाहत नाही. आमच्या कुडातला कप मात्र फेकला जात नव्हता, तो जपून ठेवला जात होता. आरोग्यशास्त्र आणि विटाळ यांतला फरक ज्यांना अजून समजावून घ्यायचा आहे त्यांनी या दोन कपांकडे पाहावे.

मागणाऱ्याचे तोंडही पाहावे लागू नये अशी सोय १९०२ सालीच झाली होती. फिलाडेल्फियात हॉर्न आणि हार्डार्ट यांनी 'ऑटोमॅट' काढले: भिंतभर काचेचे छोटे कप्पे, खाचेत नाणे टाका, मूठ फिरवा, कप्पा उघडा, पदार्थ घ्या. १९१२ साली ते न्यूयॉर्कला आले; शेवटचे १९९१ साली बंद झाले. पाच सेंटचे नाणे कोणाच्या हातातले हे खाच विचारीत नाही. जमैकातून आलेल्या आईबापांचा मुलगा, पुढे परराष्ट्रमंत्री झालेला कॉलिन पॉवेल, २०२१ च्या एका माहितीपटात या ऑटोमॅटच्या आठवणी जिव्हाळ्याने सांगताना दिसतो. अर्थात त्या भिंतीमागे कप्पे भरणारे हात होतेच. गिऱ्हाइकाला ते दिसत नसत, इतकेच.

आता ग्रीन्सबरो. या घटनेचा एक तपशील सहसा निसटतो. त्या चौघांनी कॉफी मागण्यापूर्वी त्याच दुकानात दुसऱ्या काउंटरवर दातांची पेस्ट वगैरे बारीकसारीक वस्तू विकत घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. तिथे पैसे घेता, मग चार पावलांवर का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्या दुकानात काळ्यांनी उभ्याने खायला हरकत नव्हती. बसून मागायला होती. म्हणजे भांडण कॉफीचे नव्हतेच, स्टुलाचे होते. काउंटरपलीकडे काम करणाऱ्या एका काळ्या बाईनेच त्यांना आधी रागे भरले, असे पुढे त्यांच्यापैकी एकाने सांगितले. आपल्याला हे नवे नाही. ज्याची भाकरी त्या काउंटरवर अवलंबून असते त्याला धाडसाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. चौघे दुकान बंद होईपर्यंत बसले, दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आणि काही आठवड्यांत दक्षिणेतल्या गावोगावी लोक काउंटरवर बसू लागले.

२ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात 'लंच काउंटर' हा शब्द आला, तो उगीच नव्हे. मात्र त्या कायद्याला आव्हान मिळाले तेव्हा काय झाले ते मुळातून वाचण्यासारखे आहे. अलाबामातील बर्मिंगहॅमला 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे हॉटेल १९२७ पासून चालू होते. आत २२० गिऱ्हाइकांची सोय. काळ्यांना मात्र पुडके बांधून बाहेर. छत्तीस नोकरांपैकी दोनतृतीयांश काळे. म्हणजे रांधायला काळे, बसायला गोरे. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल हॉटेलाविरुद्ध दिला. आधार काय? वर्षभरात तिथे आलेले सुमारे ७० हजार डॉलरचे मांस परराज्यातून आलेले होते, म्हणून आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा काँग्रेसचा अधिकार त्या हॉटेलाला लागू होतो! माणूस मांसाच्या पाठीवर बसून आत शिरला. निकालाचे मोल मी कमी मानत नाही. पण आपल्या घटनाकारांनी हॉटेलाचे नाव सरळ मूलभूत हक्कांत घातले, त्यामागची दूरदृष्टी अशा वेळी उमगते.

ऑलीच्या दारातून मिळणारे ते पुडके आणि आजचा तो कागदी वाडगा यांत मला एक विचित्र साम्य दिसते. उभ्याने मागणे, हातात घेऊन चालू लागणे, ही कालपर्यंत हीनपणाची खूण होती. आज तीच सुशिक्षितांची, घाईत असणाऱ्यांची रीत झाली. सर्वांनाच उभे केले तेव्हा उभे राहण्यातला डंख गेला. पण बसण्यातला गेला का? २०१८ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या एका दुकानात दोन काळे माणूस काही न मागवता ओळखीच्याची वाट पाहत बसले, तर व्यवस्थापकाने पोलीस बोलावले आणि दोघांना बेड्या घालून नेण्यात आले. गवगवा झाला. २९ मे रोजी कंपनीने आठ हजारांहून अधिक दुकाने दुपारभर बंद ठेवून नोकरांचे वर्ग घेतले आणि काही न घेताही बसता येईल असा नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये तो नियम मागे घेतला गेला. वूलवर्थमध्ये ऑर्डर दिली म्हणून नाकारले. इथे दिली नाही म्हणून.

माझ्या त्या नोटेबद्दल आता थोडे. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार अमेरिकेत ६.५ टक्के कुटुंबांचे बँकेत खातेच नव्हते. गोऱ्यांत हे प्रमाण ३ टक्के, काळ्यांत १६.९ टक्के. तेव्हा 'रोख घेत नाही' ही पाटी दिसायला सर्वांना सारखी, पण ती कोणाला अडवते हे या आकड्यांत दिसते. पाटीवर रंगाचा उल्लेख नाही. त्याची गरज उरलेली नाही. हे ओळखून फिलाडेल्फियाने १ जुलै २०१९ पासून दुकानांना रोख घेणे बंधनकारक केले, न्यूयॉर्कने २०२० साली तसाच कायदा लागू केला. मॅसॅच्युसेट्समध्ये तर तो १९७८ पासूनच होता. काही साखळ्यांनी २०१९ सालीच पुन्हा रोख घ्यायला सुरुवात केली. पौष्टिक खाणे गरिबाच्या वस्तीत पोहोचत नाही म्हणून हळहळणारे लोक आणि गल्ल्यावर ती पाटी लावणारे लोक पुष्कळदा एकच होते, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे.

लेक हल्ली फोनवरूनच मागवते. दुकानात शिरायचे, फळीवर आपल्या नावाची चिठ्ठी लावलेला वाडगा शोधायचा, उचलायचा. कोणी कोणाच्या हातात काही देत नाही. तिला यात सोय दिसते आणि ती खोटी नाही. मला मात्र फळीवर हात घालताना क्षणभर कुडाची आठवण होते. म्हातारपणाचा दोष असेल.

ग्रीन्सबरोत शेवटी काळ्यांना वाढले गेले ते २५ जुलै १९६० रोजी. पहिले गिऱ्हाईक म्हणून त्या चौघांना नव्हे, दुकानातल्याच काळ्या नोकरांना बसवले. त्यांत जिनिव्हा टिस्डेल ही काउंटरवर काम करणारी बाई होती. व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून तिने कामाचा गणवेश उतरवला, घरचे चांगले कपडे घातले, ती स्टुलावर बसली आणि तिने अंड्याच्या सॅलडचे सँडविच मागवले. ते सॅलड तिनेच केलेले होते. खाऊन झाल्यावर ती उठली, पुन्हा गणवेश चढवला आणि कामाला लागली.