अकरा सेकंदांचा ताळेबंद

पंचेचाळिशी उलटली की माणसाला काहीतरी सुचतं. कुणाला अध्यात्म सुचतं, कुणाला दुसरा फ्लॅट सुचतो. मला विमान सुचलं. रेडिओवर चालणारं, फोमचं, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वातीन फूट. ‘अहो, मुलासाठीच घेतलंत ना?’ असं हिनं विचारलं तेव्हा मी ‘हो’ म्हणालो. मुलगा त्याच वेळी फोनवर मित्राला सांगत होता, ‘ते बाबांचं आहे. मला हात लावू देत नाहीत.’

विमानाबरोबर एक पुस्तिका होती. पंख चिकटवायचं काम त्यात एका पानात आटोपलं होतं आणि पुढची सारी पानं तोलावर खर्ची घातली होती. पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्हीकडे एकेक बोट टेकवायचं आणि विमान उचलायचं. आडवं राहिलं तर ठीक. नाक किंचित खाली गेलं तरी चालेल. शेपूट खाली गेली, तर मात्र नाकात वजन घाला.

आमचं विमान शेपटीवर बसलं.

आता बँकेत दहा रुपयांचा फरक लागला, तर तो सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही. पण हा फरक पाहून मी म्हणालो, ‘एवढ्यानं काय होतंय!’ रविवारी सकाळी मैदानावर काय होतं ते कळलं. हातातून सुटल्याबरोबर विमानानं नाक वर केलं, आणखी वर केलं, क्षणभर हवेत विचार करत थांबलं आणि दगडासारखं खाली आलं. ‘बाबा, नऊ सेकंद,’ मुलानं घड्याळ पाहून निकाल दिला. शेजारच्या रिटायर्ड काकांनी विचारलं, ‘हे उडालं म्हणायचं, की पडलं?’

दुखावलेला मध्यमवर्गीय माणूस पुस्तकांकडे वळतो. मीही वळलो. आणि कळलं, की माझ्या फजितीचं घराणं चांगलं दोनशे वर्षांचं आहे.

मूळ पुरुष यॉर्कशायरचे सर जॉर्ज केली. 1804 साली त्यांनी पाचेक फुटी काठीवर पंख म्हणून एक पतंग बसवला, मागे हवी तशी वळवता येणारी शेपूट लावली आणि पुढे एक सरकतं वजन ठेवलं. उडवायचं, पडू द्यायचं, वजन थोडं सरकवायचं, पुन्हा उडवायचं. मी मैदानावर जे टाळलं, तेच हे सरदार टेकडीवर निमूटपणे करत होते. पुढे 1853 मध्ये त्यांनी आपल्या गाडीवानाला मोठ्या ग्लायडरमध्ये बसवून दरीवरून उडवलं. खाली उतरल्यावर त्यानं म्हणे तिथल्या तिथे नोकरी सोडली. त्याची नेमणूक घोडे हाकायला झाली होती, उडायला नव्हे. युनियन नसतानाही माणसं मुद्द्याचं बोलत.

पण माझा जीव अडकला तो आल्फोन्स पेनोमध्ये. हा फ्रेंच तरुण 1850 साली जन्मला. कमरेच्या सांध्याच्या दुखण्यामुळे नौदलाची वाट बंद झाली, तेव्हा यानं आकाशाकडे मोर्चा वळवला. भांडवल काय, तर पिळलेला रबर. ऑगस्ट 1871 मध्ये पॅरिसच्या ट्युलरीज बागेत, एकविसाव्या वर्षी, यानं जाणत्या मंडळींसमोर आपलं छोटं विमान सोडलं. अकरा सेकंद आणि सुमारे चाळीस मीटर! पंखांची टोकं वर वळवलेली, मागची शेपटी पंखापेक्षा कमी कोनात बसवलेली. नाक खाली गेलं तर शेपटी सावरे, वर गेलं तरी सावरे. वर कुणी बसलेलं नाही, खाली दोरी नाही, आणि विमान आपला तोल आपण सांभाळतंय.

1878 मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्रीसाहेबांनी आपल्या मुलांना पेनोच्याच धर्तीचं, रबरावर उडणारं हेलिकॉप्टर आणून दिलं. मुलांची नावं विल्बर आणि ऑरव्हिल राइट. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचं पहिलं उड्डाण झालं ते बारा सेकंदांचं, 120 फुटांचं. म्हणजे साडेछत्तीस मीटर. पेनोचं खेळणं त्याहून लांब गेलं होतं! बरं, राइटांचं विमानही हवेत नाकानं वरखाली करत होतं. 1904 मध्ये त्यांनी पुढच्या बाजूला सत्तरेक पौंड लोखंड बांधून पाहिलं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

पेनोनं 1876 मध्ये माणसं नेणाऱ्या विमानाच्या आराखड्याचं पेटंट घेतलं. त्यात पोटात घेता येणारी चाकं होती, एकाच दांड्यावर चालणारी सुकाणूं होती. पैसे मात्र कुणी दिले नाहीत. 1880 च्या ऑक्टोबरात त्यानं आपले आराखडे एका छोट्या शवपेटीत घालून एका बड्या संशोधकाकडे पाठवले आणि आयुष्य संपवलं. वय वर्षं तीस. कर्जाचे अर्ज नामंजूर होताना मी रोज बघतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की फायलीतल्या कागदामागे एखादा पेनो तर नसेल?

पुढे रेडिओ आला. 1937 मध्ये मिशिगनमधल्या गुड आडनावाच्या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यानंतरही कित्येक वर्षं हौशी लोकांच्या यंत्रात एकच बटण असे. दाबलं की सुकाणू उजवीकडे, पुन्हा दाबलं की डावीकडे, आणि ते फिरवायला आत पुन्हा पिळलेला रबर! बाकी सगळा तोल आधी जमिनीवरच जमवावा लागे. हातानं गवतावर सोडून बघायचं आणि पेनोचं नाव घ्यायचं.

पुढच्या रविवारी मी विमानाच्या नाकात दोन नाणी चिकटवली. (स्वतःच्या खिशातली. कॅशमधली नव्हे.) विमानामागे उभं राहून दांडी उजवीकडे ढकलली, सुकाणू उजवीकडेच वळतंय ना ते पाहिलं. मग सोडलं. ते थोडं डावीकडे झुकत होतं. ट्रिमचं बारीक बटण उजवीकडे दोनदा दाबलं. विमान सरळ झालं. मी भीत भीत अंगठे वर उचलले.

ते आपलं आपण उडत राहिलं.

‘बाबा, किती सेकंद मोजू?’ मुलानं विचारलं.

‘अकरा झाले की सांग,’ मी म्हणालो.

‘झाले.’

मी वर बघूनच मान हलवली. मग यंत्र त्याच्या हातात दिलं.