‘सर्व्हर डाऊन आहे’ : केबलच्या इतिहासात कॅबिनेट कुठे आहे?

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की धाराशिव जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ रांगेतला शेतकरी घरी जातो, मजुरी बुडवून दुसऱ्या दिवशी परत येतो. कित्येकदा सर्व्हर ठणठणीत असतो. अडलेलं असतं ते मध्येच कुठेतरी, आणि ते ‘मध्येच कुठेतरी’ आपल्या इतिहासात सहसा येत नाही. या लेखात तेच बघू. संशोधनाची तयारी करत असाल, तर विषय कसा सापडतो याचंही हे एक उदाहरण आहे.

आधी नेहमी सांगितला जाणारा इतिहास. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाशाने दूरवर संदेश पाठवता येतील. त्यांनी कसोटी ठेवली होती किलोमीटरमागे २० डेसिबल घट, म्हणजे एक किलोमीटरनंतर १ टक्का प्रकाश उरला तरी चालेल! १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ही मर्यादा गाठली. भारतात हे तंत्र आलं ते पुण्यात : १९७९ मध्ये शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा तिथे सुरू झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून आपण तिला ‘भारतनेट’ म्हणतो.

या कहाणीत एक शब्द सारखा येतो : ‘टाकली’. इतके किलोमीटर केबल टाकली, इतकी गावं जोडली. पण टाकलेली केबल रोज सांभाळावी लागते, आणि ते काम बरंचसं चालतं एका लोखंडी कपाटात. तालुक्याच्या एक्स्चेंजमधलं कॅबिनेट किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची छोटी पेटी. माझं म्हणणं एवढंच आहे : गाव जोडलेलं आहे की नाही, हे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा या कपाटातल्या शेवटच्या दोन मीटरवरून जास्त खरं कळतं.

का, ते समजायला थोडं तंत्र बघूया. दूरसंचाराच्या फायबरमध्ये प्रकाश वाहणारा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक. वाकवला की प्रकाश काठातून निसटतो. जुन्या प्रकारच्या फायबरसाठी सांभाळायची त्रिज्या ३० मिलिमीटर. ढोबळ खूण सांगायची तर वेटोळं चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको. आता कॅबिनेटचं दार बंद होत नाही म्हणून कुणी पॅच कॉर्ड कोंबली, किंवा प्लास्टिकच्या टायने करकचून आवळली, तर केबल तुटत नाही. वरून सगळं नीट दिसतं, प्रकाश मात्र कमी होतो. म्हणून जाणकार टायऐवजी वेल्क्रो पट्टी वापरतात, जास्तीची लांबी सैल वेटोळ्यात ठेवतात, फायबर जड तांब्याच्या तारांखाली दाबत नाहीत आणि मोकळ्या कनेक्टरला टोपी घालतात. कारण धुळीचा एक कणसुद्धा त्या ९ मायक्रॉनची वाट अडवू शकतो.

हे फक्त नीटनेटकेपणाचे नियम वाटतील, पण भारतनेटच्या पहिल्या टप्प्याची रचना बघा. तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी नावाचं यंत्र. त्याच्या एकेका पोर्टमधून निघालेला प्रकाश स्प्लिटरने वाटला जाऊन अनेक ग्रामपंचायतींकडे जातो. म्हणजे स्प्लिटरच्या अलीकडे एक वाकलेली पॅच कॉर्ड, आणि पलीकडे अनेक गावांतली रांग. शिवाय या टप्प्यात सरकारी कंपन्यांची आधीची फायबर जिथे होती तिथे वापरली आणि उरलेल्या अंतरासाठी नवी टाकली. वाकणं सोसणाऱ्या फायबरचं आंतरराष्ट्रीय मानक आलं २००६ मध्ये. त्यामुळे एकाच कॅबिनेटमध्ये दोन काळांतल्या केबली शेजारी असू शकतात, आणि एकीला चालणारं वळण दुसरीला चालत नाही.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. कॅबिनेट हे एक दप्तरच आहे. बाहेरून येणाऱ्या केबलच्या आवरणावर बहुधा उत्पादक, प्रकार, वर्ष आणि मीटरचे आकडे छापलेले असतात. लेबलं सांगतात की जोडणाऱ्याने पुढच्या माणसाचा विचार केला होता का. ओटीडीआर यंत्राच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर सोनंच : १५५० नॅनोमीटरवर घट १३१० पेक्षा ठळकपणे जास्त असेल तर दोष वाकण्याचा असण्याची शक्यता मोठी. म्हणजे कुणी केबल कोंबली होती की वाटेत जेसीबी लागला होता, हे कागदावरून ओळखता येतं.

पण स्रोत तपासून घ्या. लेबलवर ‘उस्मानाबाद’ दिसलं म्हणून ते २०२३ च्या नामांतराआधीचंच असेल असं धरू नका. जुनी नावं आणि जुने कोड सवयीने पुढे चालत राहतात. १९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे त्याआधीच्या टेलिफोन नोंदी वाचताना ‘उस्मानाबाद’ म्हणजे आजचा आठ तालुक्यांचा जिल्हा नव्हे. आणि तुमचा तालुका भारतनेटच्या कोणत्या टप्प्यात येतो ते आधी बघा; रचना टप्प्यागणिक वेगळी आहे.

सुझन ली स्टार यांचा पायाभूत सुविधांवरचा १९९९ चा निबंध या क्षेत्रात सगळे वाचतात. सुविधा बिघडली की दिसू लागते, हा त्यातला मुद्दा. धाराशिवच्या रांगेत त्याला एक जोड द्यावी लागते : इथे बिघाड दिसतो, पण चुकीच्या नावाने. ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं की दोष दूरच्या अदृश्य यंत्राकडे जातो आणि शेजारचं कपाट सुटतं. कुणी सांभाळायचं, त्याला पगार कोण देतं, किल्ली कुणाकडे, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. धोरणालाही हे उशिरा उमगलं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १.३९ लाख कोटींच्या सुधारित कार्यक्रमात एका जागी तुटलं तरी दुसरीकडून वाट मिळेल अशी वर्तुळाकार रचना आली, आणि दहा वर्षांची देखभालही कामाचा भाग झाली. ‘टाकली’कडून ‘सांभाळली’कडे झालेला हा प्रवास प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

क्षेत्रकार्याला निघण्याआधी तीन गोष्टी. लेखी परवानगीशिवाय कॅबिनेट उघडू नका. उघडलं तरी कशालाही हात लावू नका, आणि फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि नुसता फोटो काढून परत येऊ नका. ते कपाट सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. कुठली केबल कधी, कुणाच्या घाईने वाकली, हे कुठल्याच अहवालात नसतं. ते त्याला माहीत असतं.