गाला, लिलाव आणि १७९९ ची शाळा

ऑनसाइटला अमेरिकेत होतो तेव्हा टीममधल्या एकाने त्याच्या मुलीच्या शाळेच्या 'गाला'ला नेलं. मुलींचं कॅथलिक हायस्कूल. आपलं गॅदरिंग सूट-टाय घालून आलं तर जसं दिसेल, तसं! आधी जेवण, मग लिलाव. कुणी नंबराची पाटी वर करतंय, कुणी काही न घेता नुसतेच पाचशे डॉलर देतंय. एवढी फी घेऊन वर वर्गणी कशाला, हा माझा पुणेरी प्रश्न.

घरी येऊन वाचत बसलो. उत्तर तसं सोपं निघालं. या शाळा चालायच्या त्या नन्सच्या जिवावर, जवळजवळ बिनपगारी. १९६५ साली अमेरिकेत सुमारे १,८०,००० नन्स होत्या, आज ४०,००० सुद्धा नाहीत. त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, खर्च वाढला. म्हणून गाला.

पण त्याच्याही आधी? वॉशिंग्टनमधली जॉर्जटाउन व्हिजिटेशन ही मुलींची शाळा १७९९ ची. तिथल्या नन्सकडे किमान १०७ गुलाम होते, बायका-पोरं धरून. कर्ज फेडायला आणि शाळा वाढवायला त्यातली कित्येक माणसं त्यांनी चक्क विकली. हे बाहेरच्या कुणी उकरून काढलं नाही. २०१८ मध्ये शाळेनेच आपली जुनी दप्तरं उघडून मांडलं. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडच्या किती जुन्या संस्था देणग्यांच्या वह्या अशा उघडतील?

असो. मी पाटी वर केलीच नाही. वीस डॉलरचं रॅफलचं तिकीट घेतलं, लागलं काहीच नाही.