एका कणगीत दोन वाण

औषधांच्या इतिहासात बायांची नावं शोधावी लागतात. आज आम्ही अशाच एकीची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव ॲनी चँग.

जिवाणूच्या पेशीत मुख्य डीएनएखेरीज छोट्या गोल कड्या सापडतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. कडीत हवं ते जनुक जोडून ती जिवाणूत सोडली, तर जिवाणू वाढताना तिच्याही नकला करतो. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी ही वाट उघडली. त्या शोधनिबंधावर ॲनी चँग यांचंही नाव आहे.

पण एकाच जिवाणूत दोन वेगळ्या कड्या ठेवायच्या, तर एक काही पिढ्यांत नाहीशी होई. असं का? नक्कल जिथून सुरू होते, त्या जागेला आपण आरंभस्थान म्हणू. कडीच्या किती प्रती ठेवायच्या, हेही तिथूनच ठरतं. दोघींचं आरंभस्थान सारखं असलं, की दोघींची मोजणी एकत्रच होते. एका कणगीत ज्वारीचे दोन वाण मिसळले आणि दर वर्षी त्यातलं ओंजळभर बीच पेरणीला ठेवलं, तर कधीतरी एक वाण संपतोच. दोन कणग्या आणि दोन मापं ठेवली, की दोन्ही टिकतात.

ही दुसरी कणगी १९७८ साली चँग आणि कोहेन यांनी दिली. त्यांच्या प्लाझ्मिडांचं आरंभस्थान पी१५ए हे होतं. त्या काळच्या पीबीआर३२२ या प्लाझ्मिडाबरोबर ती सुखाने नांदली. त्यातल्या एकाचं नाव पीएसीवायसी१८४. यातली ‘एसीवायसी’ ही ॲनी सी. वाय. चँग यांचीच आद्याक्षरं!

याचा उपयोग काय झाला? हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे औषध एका वनस्पतीतून मिळतं. त्याचा कच्चा माल जिवाणूकडून करून घ्यायला बरीच जनुकं लागतात. २००३ साली कॅलिफोर्नियात जे कीसलिंग यांच्या गटाने ती तीन प्लाझ्मिडांत वाटली. तिघांची आरंभस्थानं वेगळी, आणि त्यातलं एक पी१५ए. पुढे या कामाला यीस्ट जास्त सोयीचं ठरलं, पण सुरुवात जिवाणूतच झाली.

मैत्रिणींनो, बी वेगळं राखायचं शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या लेकींना ॲनी चँग यांची ही गोष्ट जरूर सांगा.