जिला आपण चूक म्हणतो

पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मी क्लायंटला एक मेल पाठवला. त्यात वाक्य होतं : 'द एरर व्हिच वी आर गेटिंग इट इज फ्रॉम युअर साइड.' दहा मिनिटांत टीमच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट आला. 'इट'भोवती लाल गोल, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. एरर खरोखर क्लायंटच्याच बाजूने होती, ती मीच शोधली होती. पण त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात राहिला तो माझा 'इट'.

तो आला कुठून, हे मला लगेच कळलं होतं. दहावीपर्यंत मी तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलो. 'जी एरर आपल्याला येतेय, ती तुमच्या बाजूने आहे' हे वाक्य आधी डोक्यात तयार झालं. मराठीत 'जी' आली की 'ती' यावीच लागते. 'जी'चं 'व्हिच' झालं, आणि 'ती'ने जागा मागितली म्हणून मी तिला 'इट' देऊन टाकलं.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड आहे. ती चालवली की कोडची कुठली ओळ कोणी आणि कधी लिहिली ते दिसतं. पुष्कळदा असं निघतं की ज्या ओळीला सगळे घाबरून असतात, ती कुणीतरी एकदा घाईत लिहिलेली असते आणि नंतर कोणी हात लावलेला नसतो. त्या मेलनंतर काही महिने मी इंग्रजीच्या या 'जो-जी-जे'वर, म्हणजे रिलेटिव्ह क्लॉजवर, गिट ब्लेम चालवत बसलो. जे सापडलं ते सांगतो.

'राहणे' हे अगदी रोजचं क्रियापद घ्या. 'मी राहतो ते घर' हे आजच्या इंग्रजीत चार प्रकारे म्हणता येतं. 'द हाउस इन व्हिच आय लिव्ह'. 'द हाउस व्हिच आय लिव्ह इन'. 'द हाउस दॅट आय लिव्ह इन'. आणि 'द हाउस आय लिव्ह इन'. शाळेत पहिलं सर्वांत शुद्ध आणि शेवटचं बोलीतलं, असं काहीसं मनावर ठसतं. प्रत्यक्षात हे चार प्रकार म्हणजे जुन्या वाड्यावर वेगवेगळ्या पिढ्यांनी चढवलेले मजले आहेत.

तळमजला आहे जुन्या इंग्रजीचा, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा 'हू' आणि 'व्हिच' हे शब्द होते, पण मुख्यतः प्रश्न विचारायला. 'जो'चं काम करायचा 'थे' नावाचा एक छोटा शब्द. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. त्याच्या जोडीला, कधी त्याच्याशिवायही, दर्शक सर्वनामं यायची : 'से', 'सेओ', 'थॅट'. ही नावं ओळखीची वाटतात का? संस्कृतचं 'सः, सा, तत्' आठवा. हे एकाच घराण्यातले भाऊबंद आहेत. आजचा 'दॅट' त्याच 'थॅट'चा वंशज आहे, म्हणजे आपल्या 'तो-ती-ते'चा लांबचा चुलतभाऊ.

या 'थे'च्या वाक्यांत 'मध्ये', 'वर', 'कडे' असे अर्थ दाखवणारे प्रिपोझिशन पुढे जाऊ शकत नसत. ते मागे, क्रियापदाजवळ सुटे राहत. म्हणजे 'लिव्ह इन'मधल्या त्या लोंबकळणाऱ्या 'इन'ची परंपरा हजार वर्षांची आहे.

पुढे 'थे' मागे पडला आणि तेराव्या शतकापर्यंत बहुतेक सगळं काम 'दॅट'कडे आलं. 'दॅट'ची अडचण एकच होती. त्याच्या आधी प्रिपोझिशन लावता येत नाही आणि त्याला 'ज्याचा', 'ज्याला' अशी रूपंही नाहीत. लॅटिन आणि फ्रेंचमधून भाषांतर करणाऱ्यांना तर अशी रूपं पावलोपावली लागत. त्यांनी प्रश्नार्थक शब्द कामाला लावले. आधी 'व्हिच', 'हूम' आणि 'हूज' आले. साधा 'हू' बराच उशिरा, पंधराव्या शतकात हातपाय पसरू लागला. सुरुवातीला तो मुख्यतः पत्राच्या शेवटी, देवाचं नाव घेताना दिसतो.

आता गंमत बघा. 'हू' हा मुळात आपल्या 'कोण'च्या घराण्यातला. म्हणजे आजचं शुद्ध इंग्रजी वाक्य शब्दशः मराठीत आणलं तर होतं : 'तो माणूस, कोण काल आला.' असं कोणी मराठीत बोललं तर आपण त्याचाही स्क्रीनशॉट काढू. 'हू' माणसांसाठी आणि 'व्हिच' वस्तूंसाठी ही वाटणीही तेव्हा पक्की नव्हती. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत स्वर्गातल्या पित्यासाठी 'व्हिच' आहे.

इथपर्यंत भाषा आपली आपण चालली होती. लाल गोल काढणारे यानंतर आले.

१६७२ साली कवी-नाटककार जॉन ड्रायडनने आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या नाटकातल्या चुका काढल्या. त्यातली एक म्हणजे वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन. हाच दोष आपल्याही लिखाणात आहे, हे ड्रायडनने तिथेच कबूल केलं. मग १६८४ साली स्वतःच्या एका जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना त्याने शेवटची प्रिपोझिशन्स उचलून पुढे नेली. ही चूक का, याचं कारण त्याने दिलं नाही. पण एक सुगावा त्याच्याच लिखाणात आहे. १६७९ साली त्याने लिहिलं की आपलं इंग्रजी बरोबर आहे का याची शंका आली, की मी ते लॅटिनमध्ये करून बघतो.

हे वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला. इंग्लंडचा राजकवी आपलं इंग्रजी दुसऱ्या, मोठ्या मानल्या गेलेल्या भाषेत भाषांतर करून तपासत होता! 'प्रिपोझिशन' हा शब्दही लॅटिनच, आणि त्याचा अर्थ 'आधी ठेवलेला'. मग तो शेवटी कसा चालेल? मी मराठीतून इंग्रजीत जाताना अडखळलो आणि चूक माझी ठरली. तो लॅटिनवरून इंग्रजीत आला आणि त्याचा नियम झाला.

नियमाचा पुढचा प्रवास तर विनोदीच आहे. १७६२ साली रॉबर्ट लोथ या विद्वानाने इंग्रजीचं छोटं व्याकरण लिहिलं. त्याने सांगितलं की शेवटी प्रिपोझिशन ठेवण्याकडे आपल्या भाषेचा फार कल आहे, बोलण्यात ते शोभतं, गंभीर लेखनात मात्र आधी ठेवलेलं बरं. आणि हा कल सांगणाऱ्या वाक्यात त्याने स्वतःच प्रिपोझिशन शेवटी ठेवलं! १७९५ साली लिंडली मरेने आपल्या व्याकरणात लोथचं ते वाक्य घेतलं आणि गुपचूप प्रिपोझिशन पुढे सरकवलं. मरेचं पुस्तक पिढ्यानपिढ्या शाळांत चाललं. लोथचा मिश्कीलपणा गळाला, नियम उरला.

'दॅट'च्या वाट्यालाही हेच आलं. १७११ साली लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात रिचर्ड स्टीलने 'हू' आणि 'व्हिच' यांच्या नावाने एक गमतीदार अर्ज छापला. तक्रार अशी, की कालचा पोरगा 'दॅट' आम्हाला आमच्या जागेवरून हुसकावतोय. दोन दिवसांनी 'दॅट'चं उत्तरही छापून आलं. इतिहास उलटा होता : घरमालक 'दॅट' होता, भाडेकरू 'हू' आणि 'व्हिच'.

दोनशे वर्षांनी चक्र उलट फिरलं. १९२६ साली हेन्री फाउलरने सुचवलं की नेमकी कोणती वस्तू ते सांगायचं असेल तर 'दॅट' वापरावा आणि जाता जाता जास्तीची माहिती द्यायची असेल तर 'व्हिच'. बहुतेक लेखक असं करत नाहीत, चांगले लेखकही करत नाहीत, हे त्याने स्वतःच नमूद केलं. ती एक सूचना होती. अमेरिकी संपादकांनी तिचा नियम केला आणि कधीतरी तो व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसला. आज मी 'द हाउस व्हिच आय लिव्ह इन' टाइप केलं की त्याखाली रेघ येऊ शकते. ती रेघ काढणारा कोड माझ्यासारख्याच कुणा इंजिनिअरने लिहिलेला असणार.

आणि माझा 'इट'? तोही सापडला. जुन्या इंग्रजीत 'थे'नंतर क्लॉजमध्ये पुन्हा सर्वनाम यायचं. 'ज्याचा' म्हणायला 'थे' आणि पुढे 'हिज', अशी जोडी असायची. 'दॅट' आल्यावरही ही सवय टिकली. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यातही अशी वाक्यं आहेत. आजही लांबलचक, गुंतागुंतीचं वाक्य बोलताना अस्सल इंग्रजी भाषकांच्या तोंडून असं सर्वनाम निसटतं.

म्हणून माझं वाक्य बरोबर होतं का? नाही. आजच्या लिखित इंग्रजीत तो 'इट' चालत नाही आणि क्लायंटच्या मेलमध्ये मी तो आता ठेवत नाही. जुन्या व्हर्जनमध्ये चालणारा कोड नव्या व्हर्जनमध्ये चालेलच असं नाही. फक्त आता खोडताना लाज वाटत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये बीडची एक मुलगी आली. तिने मला मेलचा मसुदा दाखवला. त्यात होतं : 'द फाइल व्हिच यू सेंट इट'. मी तिला बाजूला बसवलं, 'इट' का काढायचा ते सांगितलं, आणि चहा होईपर्यंत ड्रायडन, चॉसर वगैरे सगळं ऐकवलं.

तिने विचारलं, "दादा, मग तेव्हा त्या चॉसरला कोणी हसलं नाही का?"

"नाही. तेव्हा ती चूक नव्हती."

तिने 'इट' खोडलं, मेल पाठवला आणि म्हणाली, "चला, आता ती फाइल का उघडत नाही ते बघू."