उद्याच्या पाहुण्याची दरी

डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला जाणारा माणूस काय काय मागतो? तंबू ठोकायला सपाट जागा, जवळ पाणी, स्वच्छ शौचालय, आखलेली वाट, अवघड कड्यावर हाताला धरायला दोर, आणि गाडी लावायला सावली. यात गैर काही नाही. पण हीच मागणी लाखो माणसं करू लागली, की डोंगराला ती पेलत नाही. मग काय बांधायचं, काय काढून टाकायचं आणि कुणाला थांबवायचं, हे ठरवावं लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हे ठरवणं गेली दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरात मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या अनेक मराठी आईवडिलांनी ही जागा पाहिलेली असते. तिथले धबधबे फोटोत येतात. तिथली ही कहाणी मात्र येत नाही.

सिएरा नेवाडा पर्वतरांगेतली ही दरी जेमतेम अकरा-बारा किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती. एल कॅपिटनचा कडा तळापासून सरळ तीन हजार फूट उठतो. अर्धा कापल्यासारखा दिसणारा हाफ डोम समुद्रसपाटीपासून ८,८०० फुटांहून उंच. या दरीत अवानीची लोकांची वस्ती होती. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला आणि १८५१ साली मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्यांना हुसकायला दरीत शिरली. तिने त्यांची घरं जाळली, अन्नाचे साठे जाळले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५५ साली, सहलीला आलेल्या लोकांची पहिली टोळी तिथे पोचली. पाहुण्यांचं स्वागत सुरू झालं ते मूळ घरमालकाला बाहेर काढून, हे ध्यानात ठेवायला हवं.

३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसाची प्रचंड वृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली झाली. अट एकच, की ती कायम लोकांसाठी राखायची. देखभालीसाठी जी समिती नेमली, तिचे प्रमुख होते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी करणाऱ्या दोघांपैकी हे एक. ९ ऑगस्ट १८६५ रोजी त्यांनी दरीतच आपला अहवाल सहकाऱ्यांना वाचून दाखवला.

हा अहवाल आज वाचला तर आश्चर्य वाटतं. त्या काळी वर्षाला काही शेकडा माणसं तिथे येत. ओल्मस्टेड म्हणाले की शंभर वर्षांत हा आकडा लाखोंच्या घरात जाईल. आज एकाने फूल तोडलं, झाडाच्या बुंध्यावर नाव कोरलं तर विशेष बिघडत नाही. पण पुढे येणाऱ्या लाखोंनी तेच केलं तर दरी उरणार नाही. म्हणून आजच्या पाहुण्याच्या सोयीपेक्षा उद्या येणाऱ्यांचा हक्क मोठा मानायला हवा, असं त्यांचं सांगणं होतं. पण ते नुसते ‘हात लावू नका’ म्हणणारे गृहस्थ नव्हते. निसर्गाचा आनंद फक्त श्रीमंतांना मिळावा हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी दरीपर्यंत चांगला रस्ता मागितला, आणि मुक्कामाच्या जागांजवळ पाच साध्या झोपड्या सुचवल्या. झोपडीतली एक खोली वाटसरूंना विनामूल्य उघडी ठेवायची, दुसऱ्या खोलीत तंबू, स्वयंपाकाची भांडी आणि शिधा ठेवून तो रास्त दरात द्यायचा. सोय करायची, पण बेताची, आणि गरिबाला परवडेल अशी.

या साऱ्यासाठी त्यांनी ३७ हजार डॉलर मागितले होते. समितीतल्याच काही सहकाऱ्यांनी अहवाल राज्याच्या विधिमंडळापर्यंत जाऊ दिला नाही. तो छापला गेला थेट १९५२ साली. मधल्या ८७ वर्षांत दरीत जे घडलं, ते या कागदाच्या गैरहजेरीत घडलं.

काय घडलं? एकेक सोय येत गेली, आणि प्रत्येक सोयीमागे हेतू चांगलाच होता. हाफ डोमच्या माथ्यावर माणसाचा पाय कधी लागणार नाही, असं भूवैज्ञानिकांनी लिहून ठेवलं होतं. १८७५ साली जॉर्ज अँडरसन या माणसाने उघड्या खडकात भोकं पाडत, त्यांत लोखंडी कड्या ठोकत माथा गाठला. १८९९ साली डेव्हिड आणि जेनी करी या शिक्षक दांपत्याने ग्लेशियर पॉइंटच्या कड्याखाली सात तंबू उभारले. महागडी हॉटेलं न परवडणाऱ्यांना दिवसाला दोन डॉलरमध्ये जेवण आणि बिछाना. या ‘कॅम्प करी’ला तुफान प्रतिसाद मिळाला. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी रात्री कड्यावरून धगधगते निखारे खाली ढकलत. तीन हजार फुटांवरून कोसळणारा हा ‘अग्निप्रपात’ पाहायला पुढे हजारो लोक कुरणात दाटी करू लागले.

दरम्यान १८९० साली दरीभोवतालचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. मे १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांच्यासोबत तीन रात्री इथे उघड्यावर काढल्या. एका रात्री तर अंगावर बर्फ पडला. १९०६ साली खुद्द दरीही राज्याकडून केंद्राकडे आली. १९१३ साली मोटारींना प्रवेश मिळाला आणि सगळंच बदललं. लोक मोटार थेट कुरणात घालत, वाटेल तिथे तंबू ठोकत, वाटेल तिथे चूल मांडत. १९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. तिच्या कायद्यात दोन कामं एकत्र सांगितली होती : लोकांना आनंद घेऊ द्यायचा, आणि पुढच्या पिढ्यांसाठी सारं अबाधित ठेवायचं. ही दोन कामं एकमेकांच्या आड येतील, हे तेव्हा फारसं कुणाच्या मनात आलं नसावं. उद्यानाला पैसा मिळायचा तर लोक यायला हवेत, आणि लोक यायचे तर सोयी हव्यात. १९१९ साली हाफ डोमच्या शेवटच्या चारशे फुटी चढावर पोलादी दोर बसले. म्यूर यांच्या नावाने दरीपासून माउंट व्हिटनी शिखरापर्यंत ३४० किलोमीटरची पायवाट १९३८ साली पुरी झाली. अस्वलं बघण्याची हौस पुरवण्यासाठी तर रात्री कचऱ्याच्या ढिगावर दिव्यांचा झोत टाकून, ती उष्टंखरकटं खाताना दाखवली जात. हा प्रकार १९४०च्या सुमारास बंद झाला; पण माणसाजवळ खायला मिळतं, हे अस्वलं शिकली होती.

मुक्कामाच्या जागांचं नुकसान मात्र हळूहळू होतं, म्हणून ते नजरेत येत नव्हतं. ते नेमकं दाखवून दिलं एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने. अमेरिकी वनखात्यात काम करणाऱ्या माइनेके यांनी कॅलिफोर्नियातल्या उद्यानांत पाहिलं, की तळाभोवतालची झाडं वाळत आहेत. रोग शोधावा तर रोग नाही. पायांनी आणि चाकांनी माती इतकी घट्ट दाबली जात होती, की मुळांना पाणी आणि हवाच मिळत नव्हती. १९३२ साली त्यांनी उपाय मांडला : एकेरी वाहतुकीचा वळणदार रस्ता, त्याला प्रत्येक कुटुंबासाठी मोटार उभी करण्यापुरता एक फाटा, बाजूला पक्कं टेबल, पक्की चूल, आणि गाडी पुढे जाऊ नये म्हणून दगड किंवा ओंडके. आज आपण जिला ‘कॅम्पसाइट’ म्हणतो, ती क्रमांक घातलेली जागा या विचारातून रूढ झाली. वरवर ती पाहुण्याची सोय दिसते. खरं तर झाडांच्या मुळांसाठी पाहुण्याला घातलेलं ते रिंगण आहे.

तरीही गर्दी वाढतच होती. १९५४ साली वर्षाच्या पाहुण्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. ओल्मस्टेड यांचं भाकीत शंभर वर्षांच्या आतच खरं ठरलं. मग उद्यानाने उलटी दिशा धरली : सोयी काढून घेण्याची. जानेवारी १९६८ मध्ये अग्निप्रपात कायमचा बंद झाला. लोक हळहळले, पण ती निसर्गाची नव्हे, माणसाची आतषबाजी होती आणि तिच्यापायी कुरण तुडवलं जात होतं. ४ जुलै १९७० रोजी स्टोनमन कुरणात जमलेल्या तरुणांना घोडेस्वार रेंजरांनी पिटाळलं आणि दंगल झाली. शहरातल्या कटकटी शहरातच राहतात, हा भ्रम त्या दिवशी फिटला. त्याच वर्षी दरीच्या पूर्व टोकाचे रस्ते खासगी मोटारींना बंद करून फुकट बस सुरू झाली. रानात रात्र काढायची तर परवाना घ्यावा लागू लागला, आणि प्रत्येक वाटेवरून रोज किती जणांनी आत जायचं, तेही ठरलं. १९८० च्या आराखड्यात दरीतून खासगी मोटारी हळूहळू हद्दपार करायचं लिहिलं गेलं. ते काही घडलं नाही.

जे माणसांना जमलं नाही, ते काही प्रमाणात नदीने केलं. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला महापूर आला आणि काठावरच्या तंबूंच्या शेकडो जागा वाहून गेल्या. नदीच्या पात्रालगत त्या पुन्हा बांधायच्या नाहीत, असं उद्यानाने ठरवलं. ज्यांची लहानपणापासूनची सुट्टी त्या जागांवर गेली होती, त्यांना हे फार लागलं. पुरानंतर ‘कॅम्प फोर’शेजारी कर्मचाऱ्यांसाठी इमारती बांधण्याचा बेत झाला, तेव्हा मात्र जगभरचे गिर्यारोहक उभे राहिले. धुळीने भरलेला हा साधा तळ. पण एल कॅपिटनसारख्या कड्यांवर चढण्याची विद्या इथेच घडली होती. २००३ साली त्याची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. म्हणजे काही सोयी काढायच्या असतात, तशा काही जपायच्याही असतात.

डोंगर अधूनमधून हिशेब मागतोच. १९९८ साली अस्वलांनी मोटारी फोडण्याचे, शिधा पळवण्याचे दीड हजारांहून अधिक प्रकार झाले. त्यानंतर पाहुण्यांनी अन्न पोलादी पेट्यांतच ठेवावं, यावर कडक लक्ष ठेवलं गेलं आणि प्रमाण खूप घटलं. २००८ साली ग्लेशियर पॉइंटचा कडा ढासळला आणि कॅम्प करीच्या जागी वाढलेल्या वसाहतीतली दोनशेहून अधिक निवासस्थानं कायमची बंद करावी लागली. २०१२ साली तिथल्याच काही तंबूंना ऊब राहावी म्हणून दिलेल्या दुहेरी भिंतींच्या पोकळीत उंदरांनी घरं केली. त्या वर्षी उद्यानात मुक्काम केलेल्या दहा जणांना हंटाव्हायरसची लागण झाली, तिघे दगावले.

हाफ डोमच्या दोरांवर तर सुट्टीच्या दिवशी माणसांची मुंग्यांसारखी रांग लागे. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात, आणि त्यात वळवाची सर आली तर गुळगुळीत ग्रॅनाइटवर पाय ठरेना. २०१० साली शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, आणि २०११ पासून रोज परवाना लागू झाला. आता दिवसाला सुमारे तीनशे जणांना परवानगी असते आणि तीही सोडतीने. २०१६ साली उद्यानात ५० लाखांहून अधिक लोक आले. २०२० साली महासाथीमुळे आगाऊ नोंदणीशिवाय मोटारींना प्रवेश बंद झाला. २०२३ साली ती अट उठली, गर्दी उसळली, २०२४ साली ती पुन्हा काही काळ लागली. वाद संपलेला नाही, आणि तो खराही आहे. सोडतीत श्रीमंत-गरीब समान असतात, हे बरोबर. पण महिनोन्महिने आधी संगणकासमोर बसून नोंदणी करणं, त्याप्रमाणे रजा काढणं, हे सगळ्यांना कुठे जमतं? गर्दी आवरण्याच्या प्रयत्नात पाच झोपड्यांतली ती फुकट खोली विसरली जाते की काय, अशी शंका येते.

आणि मूळ घरमालक? उद्यानाने विसाव्या शतकात दरीत उरलेल्या मूळ रहिवाशांना एका छोट्या वस्तीत आणलं, आणि १९६९ साली तीही पाडली. शेवटच्या रहिवाशाने १९९६ साली दरी सोडली. २०१८ साली झालेल्या करारानुसार त्यांच्या वंशजांना कॅम्प फोरच्या जवळच आपलं वाहोगा हे गाव विधी-समारंभांसाठी पुन्हा उभारण्याची मुभा मिळाली. उशिरा का होईना, दरीत कुणाला जागा मिळावी, या प्रश्नाचं एक उत्तर दुरुस्त झालं.

आपल्याकडेही कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रविवारी रांग लागते. हरिश्चंद्रगडावर हंगामात तंबूला तंबू लागतो. कास पठारावर फुलांच्या दिवसांत माणसं मोजून सोडावी लागतात. शिडी लावताना, तळ आखताना, वाहनतळ सपाट करताना आपण आजच्या रविवारची गर्दी डोळ्यांपुढे ठेवतो. ओल्मस्टेड यांनी ती मोजणी शंभर वर्षांपुढच्या रविवारपासून सुरू केली होती, आणि त्याच कागदावर गरीब वाटसरूसाठी एक खोली उघडी ठेवली होती. आपल्या गडकोटांच्या आणि अभयारण्यांच्या आराखड्यांत या दोन्ही नोंदी आहेत की नाहीत, एवढं आपण पुढच्या खेपेला विचारायला हरकत नाही.