नागावचे दिवाळीचे पोहे

आमच्या नागावात दिवाळी म्हणजे आधी पोहे, मग फराळ! आश्विनात हळवं भात झोडून झालं की आजी ते भिजवायची, भाजायची आणि गरम असतानाच आई-काकू उखळात कांडायच्या. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळी उरकल्या की गूळ-खोबऱ्याचे, दह्याचे आणि तिखट असे तीन प्रकार. नैवेद्याला मात्र गुळाचेच. आजी म्हणायची, "देवाला जुनंच लागतं."

इतिहास तिच्याच बाजूचा निघाला. मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. त्यांचं चौल-रेवदंड्याचं ठाणं आमच्या शेजारीच; १७४० साली ते मराठ्यांकडे आलं. तिखट पोह्यांतला बटाटाही तिकडचाच. भात, नारळ, गूळ, दही मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. म्हणजे एकाच पानात आधीचं आणि नंतरचं नागाव!

आता आमचं शेत पडीक आहे. पोहे अलिबागहून पिशवीतून येतात आणि उखळात फुलझाड लावलंय. काकू ऐंशीची झाली. भात नेमकं किती भाजायचं हे आता तिच्या हातालाच ठाऊक. यंदा दिवाळीआधीच जाऊन शिकून घ्यायचं ठरवलंय. उखळही रिकामं करावं लागेल...

तुमच्याकडे अजून कुणी पोहे कांडतं का?